‘मला काय कळतंय त्यातलं?’ : पालकांच्या समजुती आणि वाढत्या वयातल्या मुलांचा अभ्यास

सहामाही झाल्यावरची पालकसभा होती. नववीचा वर्ग, बाकांवर मुलांच्या जागी पालक बसलेले. मी गणिताच्या उत्तरपत्रिका एकेकाच्या हातात देत होतो. एका मुलीच्या आईने पेपर घेतला, न उघडताच त्याची चार पदरी घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, “सर, मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच काय ते बघा.”

बाई शिवणकाम करतात. सणासुदीचे दिवस, ब्लाउजांचा ढीग पडलेला, तरी मशीन बंद ठेवून दोन तास आल्या होत्या. म्हणजे मुलीची काळजी नव्हती असं कुणी म्हणू नये. पण पेपर उघडला नाही.

हे वाक्य मी नोकरीच्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की मोजदाद नाही. स्टाफरूममध्ये आम्ही त्याचा एकच अर्थ लावायचो : पालकांना पडलेलीच नाही. तो अर्थ चुकीचा होता हे मला उशिरा कळलं. पालक मुलांच्या शिक्षणात किती लक्ष घालतात, कसं घालतात, यावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत बरंच संशोधन झालंय. ते वाचताना त्या घडी घातलेल्या पेपरची आठवण सारखी येत राहिली, म्हणून हे लिहितोय.

पालक लक्ष घालतात की नाही हे कशावरून ठरतं? आपण पटकन सांगतो : शिक्षण, पैसा, वेळ. हे तिन्ही मोठेच आहेत, त्यात वाद नाही. पण एकाच चाळीत, सारखीच कमाई आणि सारखंच शिक्षण असलेल्या दोन घरांत वातावरण अगदी वेगळं असतं, हे कुठलाही शिक्षक सांगेल. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या कॅथलीन हूव्हर-डेम्प्सी आणि हॉवर्ड सँडलर या दोन अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न विचारला : पालक मुळात शिक्षणात सहभागी होतातच का? त्यांनी जी मांडणी केली ती आजही वापरली जाते. त्यांचं म्हणणं सोप्या शब्दांत असं, की पालकाच्या मनात तीन प्रश्नांची उत्तरं आधीच ठरलेली असतात. हे माझं काम आहे का? मी लक्ष घातल्याने काही फरक पडेल का? आणि मला कुणी बोलावलंय का?

पहिला प्रश्न कामाच्या वाटणीचा. “शाळेत घातलं, फी भरली, क्लास लावला, आता शिकवणं तुमचं काम” असं म्हणणारे वडील आळशी नसतात. त्यांच्या हिशेबाने त्यांनी आपली बाजू पूर्ण केलेली असते. आपल्याकडे या समजुतीच्या मुळाशी आदरही आहे. “गुरुजी, मारा-झोडा, पण पोराला शहाणं करा” म्हणणारी आधीची पिढी शिक्षकाच्या कामात हात घालणं म्हणजे आगाऊपणा मानायची. तोच संस्कार आजही शाळेच्या फाटकाशी पालकांचे पाय अडवतो. घरातही वाटणी ठरलेली : प्रगतिपुस्तकावर सही बाबांची, अभ्यासाला बसवण्याची कटकट आईची. सही करताना बाबांनी आतलं काही वाचलं असेलच असं नाही.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. ‘आपल्या हातून हे होईल’ हा विश्वास असेल तरच माणूस कामाला हात घालतो, नाहीतर टाळतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी सविस्तर मांडलं. आता हे पालकांना लावून बघा. मूल तिसरीत असताना आई पाढे म्हणून घेते, शुद्धलेखन तपासते. नववीत बहुपदी येतात, विज्ञानात गतीचे नियम येतात, आणि घर मराठी बोलणारं व शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर पुस्तकाची भाषाच अनोळखी. पालक हळूच मागे सरकतो. बऱ्याच घरांत हे सरकणं सातवीच्या सुमारास सुरू होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

या मागे सरकण्याच्या पोटात एक चुकीचं समीकरण आहे : मदत म्हणजे शिकवणं. ते धरून चाललं की शिवणकाम करणारी आई, रिक्षा चालवणारे बाबा, गावाकडची आजी हे सगळे एका झटक्यात बाद होतात. मग उरतो फक्त क्लास.

पण मदत म्हणजे शिकवणं हे खरंच आहे का? २००९ साली नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी या वयातल्या मुलांवर, म्हणजे साधारण सहावी ते आठवीच्या टप्प्यावर, झालेल्या पन्नास अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. शाळेच्या कार्यक्रमांना जाणं, सभांना हजर राहणं याचा मुलांच्या यशाशी थोडाफार चांगला संबंध दिसला. शेजारी बसून गृहपाठ करून घेण्याचा संबंध मात्र उलटा निघाला. आणि सगळ्यात घट्ट संबंध दिसला तो अशा गोष्टीशी, जिला आपण ‘अभ्यास घेणं’ म्हणतच नाही : शिकण्याचं मोल घरात बोललं जाणं, मुलाकडून काय अपेक्षा आहे ते स्पष्ट असणं, आज शिकतोय ते पुढे कशाला उपयोगी पडेल याची त्याच्याशी चर्चा करणं, त्याची स्वतःची स्वप्नं ऐकून घेणं, आणि अभ्यास कसा करायचा याच्या युक्त्या त्याच्यासोबत शोधणं.

गृहपाठाचा निष्कर्ष वाचून लगेच “चला, सुटलो” म्हणू नका. मूल मागे पडायला लागलं की पालक शेजारी बसतात, त्यामुळे ‘शेजारी बसणं’ आणि ‘कमी गुण’ एकत्र दिसणारच. ताप आलेल्या घरात थर्मामीटर सापडतो, म्हणून ताप थर्मामीटरने आला असं होत नाही. तरीही दुसरी बाजू खरी आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायचे असतात. वही ओढून घेऊन “असं नाही, असं कर” म्हटलं की त्याला ऐकू येतं, ‘तुला जमणार नाही.’ शिवाय पालक ज्या पद्धतीने शिकले ती पद्धत वेगळी, शाळेची वेगळी, आणि रात्री नऊ वाजता त्यावरून भांडण. मी स्वतः गणिताचा शिक्षक असून घरी माझ्याच मुलासमोर हे भांडण केलंय, त्यामुळे खात्रीने सांगतो.

म्हणजे नववी-दहावीच्या मुलाला घरातून जे खरोखर लागतं, त्यासाठी बहुपदी यायची गरज नाही. ते द्यायला शिवणकाम करणारी आई पूर्ण लायक आहे. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

इथे तिसरा प्रश्न येतो, बोलावण्याचा. लहान मूल पालकाला रोज बोलावतं : “आई, हे बघ ना.” मोठं झालं की दार लोटून घेतं. पालक समजतात, आता याला आपली गरज नाही. खरं तर गरज बदललेली असते, पण मूल ती बोलून दाखवत नाही. मग बोलावण्याची जबाबदारी शाळेवर येते, आणि आम्ही काय करतो? पालकांना निरोप पाठवतो तो फक्त गुण कमी पडल्यावर, फी थकल्यावर किंवा पोराने बाक मोडल्यावर. वीस वर्षांत मी एकाही पालकाला “तुमच्या मुलीने आज वर्गात फार सुंदर प्रश्न विचारला” हे सांगायला बोलावलं नाही. शाळेतून फोन आला की पालकांच्या पोटात गोळा येतो, तो आम्हीच आणलेला आहे.

कायद्याचं दुखणं असं, की तोही नेमका याच वयात हात सोडतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. अनेक गावांत या समित्या कागदावर राहिल्या, पण जिथे चालल्या तिथे पालकांना शाळा ‘आपली’ वाटू लागली. मात्र हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववीला पालक-शिक्षक संघ असतो, पण वर्षातून दोन-तीन सभांपलीकडे तो फारसा दिसत नाही.

हूव्हर-डेम्प्सी आणि सँडलर यांच्या मांडणीत न आलेली, पण तितकीच जड एक समजूत आहे : आपलं मूल अभ्यासात नेमकं कुठे उभं आहे, याबद्दलची. इथे पालकांचा अंदाज फार चुकतो. ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयोगटाचा ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचा २०२३ चा अहवाल घ्या. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत केलेल्या या पाहणीत ८६.८ टक्के मुलं कुठे ना कुठे शिक्षण घेत होती. पण सुमारे २५ टक्के मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून कमी, ४३.३ टक्के मुलांनाच जमलं. या मुलांच्या घरी विचारलं तर काय उत्तर येईल? “शाळेत जातोय, पास होतोय.” पालक खोटं बोलत नाहीत. त्यांच्या हातात जी माहिती पोचली तिच्यावरून त्यांनी अंदाज बांधलाय. आठवीपर्यंत प्रगतिपुस्तकात सगळं बरं दिसतं आणि नववीच्या पहिल्या घटक चाचणीत घरात बॉम्ब पडतो, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

लॉस एंजेलिसमधल्या गरीब वस्तीतल्या एका शाळेत पीटर बर्गमन या अर्थशास्त्रज्ञाने अगदी साधा प्रयोग केला. तुमच्या मुलाने कोणकोणता गृहपाठ दिलेला नाही, याचा तपशील काही पालकांना नियमित कळवायचा, बहुतेक वेळा मोबाइलवर संदेश पाठवून. आधी पालकांना विचारलं तेव्हा ‘आपलं मूल बहुतेक सगळा गृहपाठ देतं’ असाच त्यांचा समज होता. तो समज दुरुस्त झाल्यावर पालकांचं शाळेशी बोलणं वाढलं, मुलं गृहपाठ देऊ लागली, आणि हायस्कूलच्या मुलांचे गुण सुधारले. कुणी पालकांना गणित शिकवलं नाही, की पैसे दिले नाहीत. फक्त खरी गोष्ट वेळेवर पोचवली.

आपल्याकडे प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर सुट्टीच्या सूचना असतात, सुविचार असतात, सहलीचे फोटो असतात. ‘तुमच्या मुलाला दशांश अपूर्णांकाचा भागाकार अजून जमत नाही’ हे त्या मुलाच्याच पालकांना, एकट्यांना, कुणी कळवत नाही. कळवताना एक पथ्य मात्र पाळायला हवं. खरी गोष्ट घरी पोचल्यावर तिची छडी होऊ नये, म्हणून ‘काय जमत नाही’च्या सोबत ‘आता काय करायचं’ हेही त्याच निरोपात असावं.

आता बुद्धीबद्दलच्या समजुतीकडे. आपल्या भाषेतच दोन्ही बाजूंच्या म्हणी तयार आहेत. ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही एक बाजू, ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही दुसरी. कुठल्या घरात कुठली म्हण चालते त्यावरून पालक काय करतील ते ठरतं. “आमच्या घराण्यात गणित नाहीच” असं जे म्हणतात ते प्रयत्नच सोडतात, किंवा मुलाला लाज वाटेपर्यंत बोलत राहतात. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी बुद्धी वाढू शकते या समजुतीवर केलेलं काम बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यांच्यासोबत कायला हायमोविट्झ यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला पुढचा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. पालक बुद्धीबद्दल मनात काय मानतात हे मुलांना फारसं ओळखता येत नाही. पण अपयशाकडे पालक कसे बघतात हे मुलं बरोबर टिपतात, आणि त्यावरून स्वतःच्या बुद्धीबद्दल मत बनवतात. भाषणात “प्रयत्न महत्त्वाचा” म्हणायचं आणि पेपर हातात आल्यावर चेहरा पाडायचा, तर मूल चेहरा वाचतं.

मुलगा आणि मुलगी यांच्याबाबत ही समजूत कशी वेगळी वागते ते पालकसभेत बसून ऐकावं. सारखेच गुण असले तरी मुलाबद्दल वाक्य येतं, “हुशार आहे हो, फक्त अभ्यास करत नाही.” मुलीबद्दल, “कष्टाळू आहे, घोकते बिचारी.” अमेरिकेत मिशिगनमध्ये जॅकलिन एक्लस आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात गणितातल्या यशाबद्दल पालकांना विचारलं तेव्हा हेच निघालं : मुलाच्या यशाचं श्रेय आया उपजत बुद्धीला देत होत्या, मुलीच्या यशाचं मेहनतीला. ऐकायला मेहनतीचं कौतुक चांगलंच वाटतं. पण दहावीनंतर गणित अवघड झालं की ‘मेहनती’ मुलीला वाटतं आपली मर्यादा आली, आणि घरही तिला “झेपेल तेच घे” म्हणतं.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक प्रश्न असतो : शिकून करायचंय काय?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुल्यांना शाळेत घातल्यावर ‘माळ्याच्या पोराला शिक्षण कशाला, शेतीच्या कामातून जाईल’ असं लोकांनी गोविंदरावांच्या मनात भरवलं आणि त्यांनी मुलाला शाळेतून काढलं. गोविंदरावांचं मुलावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांना शिक्षणाचा उपयोग दिसत नव्हता, आणि आजूबाजूच्या लोकांची भीती दिसत होती. मग शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी त्यांना समजावलं, मुलाची बुद्धी दाखवून दिली, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. वय तेव्हा तेरा-चौदा. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली त्याच्या मागे, पोराला परत शाळेत पाठवायला तयार झालेला एक बाप आहे. त्याच गोविंदरावांनी पुढे समाजाच्या दबावाखाली जोतीराव-सावित्रीबाईंना घराबाहेर काढलं, हेही विसरू नये. समजूत एकदा बदलली की कायमची बदलली, असं होत नाही. तिला आजूबाजूचं वारं सतत लागतं.

ते वारंच बदललं तर? ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. पश्चिम बंगालमध्ये सरपंचपद, तिकडे प्रधान म्हणतात, कुठल्या गावात राखीव होणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत गेलं. त्यामुळे अभ्यासकांना तुलना करता आली. लोरी बीमन, एस्थर डफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांनी ४९५ गावांतल्या पालकांना आणि ११ ते १५ वर्षांच्या मुला-मुलींना विचारलं : मुलाने किती शिकावं, मुलीने किती शिकावं, पुढे काय व्हावं? २०१२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की ज्या गावांत दोनदा महिला प्रधान झाली तिथे मुलगा-मुलगी यांच्याबद्दलच्या पालकांच्या अपेक्षांमधली दरी २५ टक्क्यांनी कमी झाली, मुला-मुलींच्या स्वतःच्या अपेक्षांमधली ३२ टक्क्यांनी. मुला-मुलींच्या प्रत्यक्ष शिक्षणातलं अंतर मिटलं, मुलींचा घरकामात जाणारा वेळही घटला. शाळा त्याच होत्या, शिक्षक तेच. गावात रोज डोळ्यांसमोर एक बाई कारभार करताना दिसत होती.

दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांतही असंच दिसलं. रॉबर्ट जेन्सन यांच्या प्रयोगात काही गावांत कॉल सेंटरसारख्या नोकऱ्यांसाठी मुलींची भरती करणारे लोक तीन वर्षं पाठवले. त्या गावांत तरुणींची लग्नं लांबली आणि ज्या लहान मुलींना ती नोकरी मिळण्याचं वयच नव्हतं, त्यांचंही शाळेत जाणं वाढलं. आई-बापांना समोर वाट दिसली, एवढंच त्यामागे होतं.

पुन्हा शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंकडे येतो. दिवाळीनंतर मी त्यांना शाळेत बोलावलं. आल्या त्या घाबरतच. मी म्हटलं, “ताई, तक्रार नाही. एक काम आहे.” रोज संध्याकाळी तुम्ही मशीनवर असाल तेव्हा मुलीने शेजारी बसून एक गणित मोठ्याने सोडवायचं आणि तुम्हाला समजावून सांगायचं. जिथे तुम्हाला कळलं नाही तिथे तुम्ही फक्त “हे असं का?” विचारायचं. त्या हसल्या. “एवढंच?”

पुढचं मुलीनेच सांगितलं. अडीचच्या तीन चतुर्थांश काढायचे होते. ती वहीत गुणाकार मांडत होती. आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “अडीच मीटरचा पाऊण हिस्सा ना? पावणेदोनच्या जरा वर, दोनच्या आत.” मुलीचं उत्तर आलं १.८७५. ती आईकडे बघतच राहिली.

दुसऱ्या सत्राच्या सभेत बाई पुन्हा आल्या. मुलीचे गुण फार वाढलेले नव्हते, चार-पाचच जास्त होते. मी पेपर हातात दिला. त्यांनी तो बाकावर उघडला, दोन्ही हातांनी घड्या सपाट केल्या आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवून विचारलं, “सर, इथे लाल गोल का केलाय?”

मी त्यांच्या शेजारी बसलो. मागे सहा पालक उभे होते, त्यांना थांबायला सांगितलं.